डाव्या तोंडाचा शंख

१

खण रिकामा होता.

संग्रहालयाच्या प्रमुखबाईंनी चष्मा काढून रुमालाने पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा आत पाहिलं. जणू चूक काचांचीच होती. जुन्या लाकडात कोरलेली खोबण तेवढी दिसत होती, तेल पिऊन काळी पडलेली, गुळगुळीत. ज्याच्यासाठी ती कोरली होती, तो शंख काही तिच्यात नव्हता.

"किल्ली कोणाकडे होती?" बाईंनी विचारलं.

छोटी पितळी किल्ली माझ्या नणंदेच्या हातात होती. तिनेच तर आमच्या डोळ्यांदेखत आत्ता खण उघडला होता.

"माझ्याकडे," ती म्हणाली. "सरांनी सकाळी दिली, लागली तर असू दे म्हणून. पण मी उघडला नाही, बाई. हा आत्ताच पहिल्यांदा."

"आणि खोलीत कोण होतं?"

"मीच. पेंटरकाका येऊन जाऊन होते."

प्रमुखबाई वळल्या. दाराशी गेल्या, जाळीपलीकडच्या पहारेकऱ्याला अध्यक्षांना बोलावून आणायला पिटाळलं, लोखंडी जाळीचं सरकतं दार खडखडत ओढलं आणि आतून कुलूप घातलं. चाव्यांचा जुडगा पर्समध्ये टाकून पर्सची चेन लावली.

"अध्यक्ष येईपर्यंत इथून कोणी हलायचं नाही. ते आले की पोलीस. आणि मुली, तुझ्या कॉलेजला मी स्वतः कळवणार आहे. चोरी करणाऱ्या मुलीचं नाव पटावर ठेवायचं की काढायचं, ते त्यांनी ठरवावं."

कुलपाच्या आत आम्ही पाचजण होतो: प्रमुखबाई, इतिहासाचे सर, पेंटर, माझी नणंद आणि मी.

२

या गोष्टीला आता इतकी वर्षं झाली की त्या संग्रहालयाच्या इमारतीत दुसरंच काही तरी चालतं म्हणे. मी तिथे टायपिस्ट होते. वस्तूंखाली लावायच्या चिठ्ठ्या टाइप करायच्या, एवढंच माझं काम. पण ती खोली मला अजून दिसते. उंच खिडक्या धूळ येऊ नये म्हणून फटींत लांबी, म्हणजे पुट्टी, भरून कायमच्या बंद केलेल्या. पंखा काढून ठेवलेला, कारण वाऱ्याने जुने कागद हलतात. डांबराच्या गोळ्यांचा वास, आणि त्यावर त्या दिवशी ओल्या रंगाचा आणि टर्पेंटाइनचा. श्वास घ्यायचा म्हणजे तो वास गिळायचा.

माझी नणंद जीवशास्त्र शिकत होती. सासू-सासरे लवकर गेले, तेव्हापासून ती आमच्याकडेच वाढली. तिला सगळे किडू म्हणायचे. लहानपणी कानातल्यांच्या डब्यांतून ती किडे घेऊन फिरायची म्हणून. मोठी झाली तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. पण खरं सांगायचं तर किड्यांपेक्षा मोठं वेड तिला दुसरंच होतं. तीन-चारशे वर्षांपूर्वीच्या काळाचं. शिडाची जहाजं, अर्धवट नकाशे, नुकती छापली जाऊ लागलेली पुस्तकं, दूरदेशचे प्राणी आणि शंख गोळा करून कपाटात मांडून ठेवणारे हौशी श्रीमंत. एकीकडे बेडूक कापायची आणि दुसरीकडे मला सांगायची, "वहिनी, त्या काळी खलाशांना वाटायचं की बदकं लाकडाला लागतात, फळासारखी!"

आमचे हे वैतागायचे. "एक काही तरी धर. उद्या नोकरी बेडकावर मिळणार आहे, बदकावर नाही."

"दादा, दोन्ही एकच आहे."

"कसं काय एकच?"

"दोन्हीत लोक डोळे उघडून बघायला शिकतात."

तिला हे वेड लावलं इतिहासाच्या सरांनी. ते तिच्या कॉलेजात दुसऱ्या विभागात होते. त्यांच्या तासाला ती चोरून मागच्या बाकावर बसायची. एकदा सापडली, तेव्हा सर म्हणाले, "चोरून कशाला? पुढे बस." त्यानंतर आमच्या घरात दिवसाला दहा वेळा "सर म्हणाले" सुरू झालं.

सरांचं एक गाजलेलं पुस्तक होतं. एका जुन्या व्यापाऱ्यावर. त्या व्यापाऱ्याने म्हणे एका शंखापायी राहतं घर देऊन टाकलं. का दिलं? तर सरांचं म्हणणं, तो शंख डाव्या तोंडाचा होता. असा शंख लाखांत एखादा. पुरावा म्हणून त्या काळी छापलेलं एकच चित्र सरांना मिळालं होतं, त्यात शंखाचं तोंड डावीकडे. त्यावर तीस वर्षांचा अभ्यास उभा होता.

आणि मग त्या व्यापाऱ्याचं खुद्द कपाट आमच्या संग्रहालयाला भेट मिळालं. खणाखणांचं, शंखासकट. सोबत ते चित्र आणि तशीच आणखी छापील चित्रं असलेला मूळ आल्बम. प्रदर्शन सरच मांडणार होते, म्हणून किल्ल्या थेट त्यांच्याकडे आल्या आणि शंख पहिल्यांदा त्यांनीच, एकट्याने पाहिला. उद्या प्रदर्शनाचं उद्घाटन होतं.

किडूला सरांनी मुद्दाम बोलावून घेतलं होतं. कॉलेजच्या जीवशास्त्र विभागातून त्याच जातीच्या साध्या, उजव्या शंखांचा एक ट्रे ती घेऊन आली होती. काळ्यावर पांढरे ठिपके, शंकूसारखा आकार. प्रदर्शनात एका बाजूला हे नेहमीचे, मधोमध तो एकमेव डावा. कल्पना सरांचीच, कपाट येण्याआधीची.

आता ती ट्रेच्या बाजूला भिंतीला टेकून उभी होती आणि तिचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला होता.

"वहिनी," ती हळूच म्हणाली, "पटावरून नाव गेलं तर दुसरं कॉलेज पण घेणार नाही ना?"

मी काय सांगणार? घेणार नव्हतंच.

३

पेंटर शिडीच्या खालच्या पायरीवर बसला होता. भिंतीवर मोठ्या फळीवर तो आल्बममधली दोन चित्रं मोठी करून रंगवत होता. व्यापारी आणि शंख.

"काका, तुम्ही काय पाहिलंत?" किडूने विचारलं. रडायच्या ऐवजी ती प्रश्न विचारायला लागली, तेव्हा मला जरा धीर आला.

"मी? मी या बाबाचं नाक पाहिलं, पोरी. सकाळपासून नाकच करतोय. पाठ तुमच्याकडे." त्याने ब्रशने व्यापाऱ्याकडे खूण केली. "मध्ये ब्रश धुवायला गेलो, आलो. माझी पिशवी तपासा, खिसे तपासा. काय, चोळणा काढू?"

"राहू दे!" प्रमुखबाई ओरडल्या.

"नाही, म्हणजे विचारलं. आणि वहिनी, एक सांगतो, हा माणूस महाविचित्र. डाव्या हाताने लिहितोय. तलवार उजव्या कमरेला. अशी तलवार उपसायची कशी? हात मोडेल. मी सरांना म्हटलं, चूक असेल तर सुधारतो. तर म्हणे, आहे तसं काढ."

"शंख पाहिला होता तुम्ही? खरा?"

"कुठला! परवापासून मागतोय. रंग जुळवायला एकदा दाखवा म्हटलं. सर म्हणाले, चित्रावरूनच काढ. मोठ्या लोकांचं असं असतं, दाखवायला मागितलं की त्यांना वाटतं आम्ही खाऊन टाकू."

सर खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. एरवी या खोलीत आले की बोलणं थांबायचं नाही. पण कपाट आल्यापासून मला ते बदललेले वाटत होते. आमच्यात बसून चहा घेणंही त्यांनी सोडलं होतं. मला वाटलं होतं, उद्घाटनाचं दडपण.

"सर, तुम्ही सकाळी शंख पाहिलात?" किडूने विचारलं.

"पाहिला. हातात घेतला. बाईंनाही दाखवला."

"दारातून," प्रमुखबाई म्हणाल्या. "चष्मा नव्हता, पण काळा-पांढरा शंख सरांच्या तळहातावर होता, एवढं दिसलं. म्हणजे सकाळी होता. आणि मग सर गेल्यावर तू एकटी."

"मी कापूस आणायला खाली गेले होते. तेव्हा सर इथे होते."

"मी गेलो तेव्हा शंख खणात होता," सर म्हणाले. ते किडूकडे बघत नव्हते. "मी स्वतः ठेवला. खण लावला. नंतर किल्ली तुला दिली."

"कसा दिसत होता, सर? प्रत्यक्षात?"

सरांनी क्षणभर डोळे मिटले. मग वर्गात बोलायचे तसे सावकाश म्हणाले, "अगदी चित्रातल्यासारखा. रुंद बाजू वर, टोक खाली, आणि तोंड डावीकडे. तीस वर्षं मी जे लिहीत आलो, ते हातात होतं."

"ऐकलंत ना सगळ्यांनी?" प्रमुखबाई उठल्या. "डाव्या तोंडाचा शंख. शोधा."

४

आम्ही शोधलं. कपाटाचे सगळे खण. रंगाचे डबे. माझा टाइपरायटर उलटा करून हलवला, त्यातून एक जुनं बटण पडलं. पेंटरने खरोखरच खिसे बाहेर काढून दाखवले. सरांनी कोट काढून टेबलावर टाकला. माझी आणि किडूची झडती बाईंनी पडद्यामागे नेऊन घेतली. आपल्याच नणंदेच्या केसांत दुसरी बाई बोटं घालून बघतेय, हे उभं राहून पाहणं काय असतं, ते ज्याने पाहिलं त्यालाच कळेल.

किडूचा ट्रे बाईंनी एकेक शंख उचलून तपासला. प्रत्येक शंख वर-खाली धरायच्या, तोंड बघायच्या आणि परत ठेवायच्या. "उजवा. उजवा. हाही उजवा. सगळे उजवेच."

शंख कुठेच नव्हता.

खोलीत हवा उरली नव्हती. प्रमुखबाईंना चक्कर यायला लागली, पण कुलूप काढायला तयार नव्हत्या. पेंटर म्हणाला, "बाई, निदान खिडकी फोडू का?" तर म्हणाल्या, "फोडा आणि शंख बाहेर फेका, असंच ना?"

"आता माझ्यावर आलं," पेंटर पुटपुटला आणि परत पायरीवर बसला.

किडू टेबलाशी उभी राहून तो आल्बम उलटत होती. मी म्हटलं, "अगं, आत्ता चित्रं बघायची वेळ आहे का?"

ती उलटतच राहिली. पानामागून पान. मग अचानक थांबली, मागे गेली, पुन्हा पुढे आली. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. लहानपणी डब्यात नवा किडा सापडला की व्हायच्या तशा.

"वहिनी, इकडे बघ. हा बागेतल्या गोगलगाईचा शंख. आपल्या परसातही असतो. आणि हा दुसरा. आणि हा. काय दिसतं?"

"गोगलगाय दिसते."

"सगळ्यांची तोंडं डावीकडे आहेत. सगळ्यांची! डावा शंख लाखांत एखादा. इथे अख्खं पुस्तक डावं."

खिडकीपाशी खुर्ची करकरली.

५

"म्हणजे त्या व्यापाऱ्याकडे सगळेच डावे होते?" प्रमुखबाईंनी विचारलं.

"कोणाकडेच नव्हते, बाई. ही चित्रं तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली आहेत. कोरणारा समोर शंख ठेवायचा आणि दिसेल तसा कोरायचा. मग पत्र्याला शाई लावून कागद दाबला की चित्र उलटं उमटायचं. आरशात दिसतं तसं. अक्षरं तेवढी तो मुद्दाम उलटी कोरायचा, नाही तर वाचताच आली नसती. पण शंख उलटा छापला गेला तर कोणाला कळणार?"

पेंटर उभा राहिला. "म्हणजे हा बाबा डावखुरा नाही!"

"नाही, काका. उजव्या हाताने लिहितोय. आणि तलवार डाव्या कमरेला आहे, सगळ्यांची असते तिथेच."

"तरीच! तीन दिवस मी डोकं खाजवतोय."

"हे सगळं ठीक," प्रमुखबाई म्हणाल्या, पण आवाज आधीसारखा नव्हता. "तरी हा शंख डावाच होता. ही खोबण बघ. शंख तोंड खाली करून ठेवायचे. तोंडात बसायला, गडगडू नये म्हणून, ही बारीक कड सोडलीय. कड डावीकडे आहे, चित्रातल्यासारखीच. शिवाय सरांनी स्वतः पाहिलाय."

किडूने खोबणीत वाकून पाहिलं. खरंच, रुंद बाजू वर धरली तर कड डावीकडे होती. तिचा चेहरा उतरला. एवढा वेळ ती वर चढत होती, आणि आता हातातला दोरच संपला.

मग तिने स्वतःचा तळहात खोबणीवर पालथा ठेवला. उचलला. उताणा केला. पुन्हा पालथा ठेवला. असं दोन-तीनदा.

"काका, खिडक्यांची लांबी उरलीय का थोडी?"

"डबाभर आहे."

"आणि तेलकट कागद?"

पेंटरने दोन्ही दिलं. तिने खोबणीत कागद बसवला, वरून मऊ लांबी दाबून दाबून भरली. अंगठ्याने कोपरे सारखे केले. आम्ही सगळे तिच्याभोवती वाकून उभे होतो, फक्त सर आले नाहीत. मग तिने कडा सोडवत गोळा अलगद वर काढला, उलटा केला आणि रुंद बाजू वर करून आमच्यासमोर धरला. लांबीचा अर्धा शंख. त्याच्यावर तोंडाची खाच स्पष्ट उमटली होती.

उजवीकडे.

"खोबण हीसुद्धा उलटी प्रतच असते, बाई," ती म्हणाली. "शंख पालथा घातला की त्याची उजवी बाजू आपल्या डावीकडे येते. ज्याच्यासाठी हे लाकूड कोरलं, तो शंख साधा होता. या ट्रेमधल्या कोणत्याही शंखासारखा."

स्वतःचं वाक्य तिला तेव्हाच ऐकू आलं असावं. ती हळूच ट्रेकडे वळली.

"किडू," मी म्हटलं. कारण मलाही ते त्याच क्षणी कळलं होतं. "नको."

६

पण ती थांबली नाही. ट्रे उचलून कपाटापाशी आणला आणि एकेक शंख खोबणीत पालथा घालून पाहायला लागली. पहिला डुगडुगला. दुसरा मोठा होता, शिरलाच नाही. तिसऱ्याच्या तोंडात कड बसेना. मी मनात म्हणत होते, न बसो, एकही न बसो.

मग एक शंख तिने ठेवला आणि तो ठेवल्याबरोबर आत गेला. ना आवाज, ना डुगडुग. तिने खण हलवला तरी तो हलला नाही.

प्रमुखबाई शंखाकडे बघत होत्या आणि मग हळूहळू त्यांची नजर वर आली.

"तुझ्या ट्रेमध्ये," त्या म्हणाल्या.

"हो."

"तू आणलेल्या ट्रेमध्ये. जो संध्याकाळी तू कॉलेजला परत घेऊन जाणार होतीस. कोणाच्या लक्षातही आलं नसतं."

"हो, बाई. दिसतं तसंच."

मला वाटलं, या पोरीने स्वतःच्याच हाताने दाराला दुसरं कुलूप घातलं. खोली एकदम अजून लहान झाली. पेंटरसुद्धा खाली बघायला लागला.

"मी घेतला असता," किडू म्हणाली, "तर शोधून कशाला दिला असता?"

"सापडणारच म्हटल्यावर हुशारी केलीस."

"सापडणार नव्हता ना पण! तुम्हीच तो मघाशी हातात घेतलात. तोंड पाहिलंत. उजवा म्हणून परत ठेवलात. तुमचा दोष नाही. तुम्हाला डावा शोधायला सांगितलं होतं."

प्रमुखबाईंनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं.

"हा शंख कुठे लपवला होता, असं विचारू नका," ती पुढे म्हणाली. "तो लपवलाच नव्हता. उघड्यावर होता. त्याला लपवलं होतं एका वाक्याने. तोंड डावीकडे. माझ्या ट्रेमध्ये शंख मी टाकला असो की आणखी कोणी, ते वाक्य तरी खोटंच आहे. कारण शंख उजवा आहे. आणि सकाळी तो खणातून काढून हातात घेतलेलं, नीट पाहिलेलं माणूस आपल्यात एकच आहे."

आता सगळे खिडकीकडे वळले. ती सोडून. ती शंखाकडेच बघत होती.

७

"सर चुकले असतील," प्रमुखबाई म्हणाल्या. त्या खरोखरच विनवत असल्यासारखं वाटलं. "डावं-उजवं होतं माणसाचं."

"तीस वर्षं डाव्या शंखावर लिहिणाऱ्याचं नाही होत," पेंटर म्हणाला. मग जीभ चावली. "माफ करा, सर."

सर उठले. कोट टेबलावरच होता. तो न घालताच कपाटापाशी आले. इतक्या जवळून मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. दाढी नीट झालेली नव्हती.

"चुकलो नाही," ते म्हणाले. "कपाट आलं त्या दिवशी मी खण उघडला आणि तो उजवा होता. मला वाटलं, बदलला कोणी तरी. मग आल्बम पाहिला. सगळी पानं. ही मुलगी आत्ता जे बोलली, ते मला त्याच दिवशी कळलं. मी जहाजांचा अभ्यास केला. करारांचा, बंदरांचा. शंख मी आयुष्यात एकच पाहिला होता, चित्रातला."

"मग तेव्हाच सांगायचं होतं!" प्रमुखबाई म्हणाल्या.

"काय सांगायचं? की माझं पुस्तक एका उलट्या छापावर उभं आहे? उद्या उद्घाटनाला तेच पुस्तक वाचून आलेले लोक असणार. वाटलं, शंखच नसला तर चित्र उरेल. चित्रात तो डावाच आहे." ते थांबले. "सकाळी तुम्ही दारात आलात, तेव्हा दाखवावा लागला. तुम्ही गेलात, ही कापसाला गेली, हा नाक रंगवत होता. मी शंख खिशात टाकणार होतो, तेवढ्यात तुमची पावलं परत वाजली. हाताशी ट्रे होता. टाकला त्यात. संध्याकाळी काढून घेतला असता."

"आणि मी?" किडू म्हणाली.

पहिल्यांदाच ती त्यांच्याकडे बघत होती.

"तुझ्यावर येईल असं मला वाटलं नव्हतं."

"आलं ना पण, सर. तुमच्यासमोर आलं. माझे केस उसकटून बघितले, तुमच्यासमोरून नेऊन. कधी बोलणार होतात?"

"पोलीस येण्याआधी..."

"कधी?"

सरांनी खणाची कड बोटाने चाचपली. मला तरी वाटतं, त्यांना ते माहीतच नव्हतं. जाळीच्या दाराआड आम्ही दुपारपासून कोंडलेलो होतो, पण तो माणूस कपाट आल्या दिवसापासून कोंडलेला होता, आणि स्वतः सुटायला त्याने माझ्या घरची पोर पुढे केली होती. कीव आली. राग जास्त आला.

"एवढं का केलंत?" तिने विचारलं. "उलट आता खरा प्रश्न सुरू झाला असता, साध्या शंखासाठी त्याने घर का दिलं? तुम्हीच शिकवलंत ना, पुरावा फिरला की आपण फिरायचं?"

"शिकवणं सोपं असतं, बाळ," सर म्हणाले.

बाहेर जिन्यात बुटांचा आवाज आला.

८

अध्यक्ष जाळीपलीकडे उभे राहिले. घामाघूम, त्रासलेले. मागे पहारेकरी. प्रमुखबाईंना पर्सची चेन उघडेना. शेवटी मीच उघडून दिली. कुलूप निघालं, दार सरकलं आणि बाहेरची हवा आत आली. पण कोणी पाऊल उचललं नाही.

"सापडला?" अध्यक्षांनी विचारलं.

"सापडला," प्रमुखबाई म्हणाल्या.

"कोणी घेतला होता? ती कॉलेजची मुलगी कोण?"

"मी," किडू म्हणाली. "म्हणजे मुलगी मी. शंख मी घेतला नव्हता."

"मग कोणी?"

प्रमुखबाईंनी तोंड उघडलं, पण किडूने त्यांच्या हाताला हात लावला. "सर सांगतील," ती म्हणाली.

आणि ती थांबली. आम्ही सगळेच थांबलो. सर उघड्या दाराकडे बघत होते. मला भीती वाटली की हा माणूस आता दारातून सरळ चालत जाईल, आणि अध्यक्ष त्याचंच ऐकतील, कारण तो मोठा आणि ही पोर. किडूलाही तीच भीती असणार, कारण तिने माझं मनगट धरलं ते हाडापर्यंत. पण तिने त्यांना जायला सांगितलं नाही, थांबायला सांगितलं नाही.

शेवटी सर म्हणाले, "मी घेतला. या मुलीचा काही संबंध नाही. हे तिच्या कॉलेजला मी स्वतः जाऊन सांगेन." मग त्यांनी फळीवरच्या डाव्या शंखाकडे पाहिलं आणि पेंटरला म्हणाले, "तेवढं उलटं करून घ्याल?"

"नाकासकट?" पेंटरने विचारलं.

"नाकासकट."

कोणी हसलं नाही. प्रमुखबाईंनी किडूसमोर येऊन हात जोडले. त्या वयाची बाई तिच्यासमोर हात जोडते आहे, हे तिला सहन होईना. "नका, बाई, नका," म्हणत ती बाहेर पळाली.

मी तिच्यामागे गेले. ती जिन्याच्या मधल्या पायरीवर बसली होती, गुडघ्यात डोकं घालून. इतका वेळ जी पोर वकिलासारखी बोलत होती, ती आता लहान मुलासारखी हुंदके देत होती. मी शेजारी बसले. तिचे उसकटलेले केस सारखे केले. वाटलं, सुटलो म्हणून रडतेय.

"झालं ना आता," मी म्हटलं. "नाव राहिलं, कॉलेज राहिलं. दादाला मी सांगते. तू काही बोलू नकोस."

तिने मान हलवली. नाक ओढलं. मग म्हणाली, "वहिनी, मला आता इतिहास कोण शिकवणार?"

माझं शिक्षण ते काय, शाळा संपली आणि टायपिंग. राजे आणि सन पाठ केले होते, तेही विसरले. पण कोणी तरी काही तरी म्हणायला हवं होतं.

"तू सांग," मी म्हटलं. "मी ऐकते."

तिने माझ्याकडे पाहिलं, मी थट्टा करतेय का ते बघायला. मी करत नव्हते. मग डोळे पुसत, मधून मधून हुंदका देत, तिथेच पायरीवर तिने सुरुवातीपासून सांगायला घेतलं.